'बाकीचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांच्या बैठकीला जाण्याआधी

पोरी,

तुझा मेसेज वाचला. दोन ओळीत उत्तर टाकता आलं असतं पण तू जे विचारलंयस ते दोन ओळींचं नाहीये, म्हणून हे लांबलचक पत्र, निवांत वाच. मला समजलं ते असं की वीटभट्टीवरच्या कुटुंबांना सोडायला मालक तयार झालाय. फक्त त्याच्या दोन अटी आहेत, तहसीलदार-प्रांत कुणाकडेही अर्ज जायचा नाही आणि अंगावर जी उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, राहिलीय ती पुढच्या सीझनला परत येऊन फेडायची. गावातली जाणती मंडळी, तंटामुक्तीवाले, आणि तुमच्या संस्थेतलेही एकदोन सीनियर म्हणतायत की घ्या मिटवून, गावात शांतता राहिली पाहिजे, बाकीचं नंतर बघू. आणि तू विचारतेस, सर, शांततेसाठी एवढं सोडलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न जुना आहे. १८६४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लिंकनला त्याच्याच पक्षातली माणसं हेच विचारत होती. मी जन्मभर इतिहासच शिकवला त्यामुळे मला उत्तर तिकडूनच देता येतं, सहन कर. सिलॅबसमध्ये लिंकन म्हणजे गुलामांना मुक्त करणारा दाढीवाला देवमाणूस, एवढ्यावर आपण पोरांना पुढच्या धड्यावर नेतो आणि त्यातून कुणाला काही शिकायला मिळत नाही. खरा लिंकन डळमळत होता, आणि तोच तुझ्या कामाचा आहे.

तेव्हाची हालत बघ. दक्षिणेची गुलामगिरीवाली राज्यं देशातून फुटली म्हणून उत्तरेने त्यांच्याशी मांडलेल्या युद्धाला तीन वर्षं उलटून गेलेली, उत्तरेचा सेनापती ग्रँट याचं सैन्य पीटर्सबर्गच्या खंदकांसमोर अडकलेलं, दुसरा सेनापती शर्मन अटलांटाबाहेर, पेपरात रोज मेलेल्यांच्या याद्या, आणि नोव्हेंबरात निवडणूक. जुलैत होरेस ग्रीली मागे लागला, हा न्यूयॉर्कचा मोठा संपादक आणि गुलामगिरीच्या विरोधातलाच माणूस हं, की नायगाराला दक्षिणेकडची माणसं येऊन बसलीयत, बोलणी करा, देश मरायला टेकलाय. लिंकनने त्यालाच धाडलं आणि मागून १८ जुलैची एक चिठ्ठी दिली. वर नाव कुणाचंच नाही, ज्याचा संबंध असेल त्याला, एवढंच. आत लिहिलेलं की शांतता, सगळ्या संघराज्याची अखंडता आणि गुलामगिरीचा त्याग हे तिन्ही ज्यात असेल असा प्रस्ताव, दक्षिणेच्या सैन्यावर ज्यांचा ताबा आहे त्यांच्याकडून आला, तर विचार करू.

चिठ्ठी छापून आली आणि लोक खवळले. देश एक ठेवायला लढतोय ते ठीक, पण काळ्यांच्या सुटकेसाठी आमची पोरं का मरायची, ती तिसरी अट काढा की उद्या शांतता. २२ ऑगस्टला हेन्री रेमंडने, म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सचा संपादक आणि लिंकनच्याच पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष, त्याने कळवलं की आपण सगळीकडे हरतोय, तेव्हा दक्षिणेला फक्त राज्यघटना मान्य करा एवढ्या एकाच अटीवर शांतता देऊ करा आणि बाकीचे प्रश्न नंतर सगळ्या राज्यांच्या परिषदेत सोडवू. वाचताना हसू येतं, तुमच्या मीटिंगचं मिनिट्स असावं तसं आहे ते.

आणि लिंकन डगमगला. रेमंडला बोलणीसाठी पाठवायचं आणि उरलेले प्रश्न शांततेच्या मार्गाने सोडवायला ठेवायचे असा मसुदा त्याने खरंच लिहिला. त्याआधी एका डेमोक्रॅट संपादकासाठीही असंच एक सौम्य पत्र लिहून ठेवलेलं. २३ ऑगस्टला तर एक कागद घडी घालून मंत्र्यांसमोर ठेवला आणि आत काय आहे ते न दाखवता सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आत होतं की हे सरकार पुन्हा निवडून येईल असं बिलकुल दिसत नाही. म्हणजे हरणार हे धरून चाललेला माणूस. तरी यातलं कुठलंच पत्र गेलं नाही, अट तशीच राहिली.

का राहिली हे तुला नीट सांगतो कारण उत्तर तिथेच आहे. १९ ऑगस्टला विस्कॉन्सिनचे दोघं त्याला भेटायला आले तेव्हा तो त्यांना म्हणाला की काही जण मला सुचवतायत, पोर्ट हडसन आणि ओलस्टीला लढलेल्या काळ्या शिपायांना परत गुलामीत घाला, तसं केलं तर मला या जन्मात आणि पुढेही शाप लागेल. पण त्याच बोलण्यात त्याने हिशोबही मांडला, की लाख-दीड लाख काळी माणसं आमच्या बाजूने कामाला आहेत, ती काढून शत्रूला दिली तर तीन आठवड्यांत युद्ध सोडून द्यावं लागेल. नीती आणि हिशोब एकाच वाक्यात. मला हे फार आवडतं, कारण नुसत्या नीतीवर माणूस किती दिवस टिकतो ते आपण आपल्याच चळवळीत बघितलंय.

त्याच दिवशी त्याला भेटायला फ्रेडरिक डग्लस आलेला. हा मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला, १८३८ मध्ये पळालेला, स्वतः शिकलेला. लिंकनने त्याला एक सौम्य पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, पाठवू का? डग्लस म्हणाला अजिबात नको, लोक याचा अर्थ तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेतील. आता तू बघ, ग्रीली, रेमंड, सगळे हुशार आणि बऱ्यापैकी सज्जन लोक होते. पण अट सोडल्याने नक्की कुणाच्या पाठीवर काय पडेल हे त्या आठवड्यात लिंकनच्या खोलीत येऊन गेलेल्यांपैकी या एकाच माणसाला अंगावरच्या वळांवरून माहीत होतं. तुमच्या बैठकीत असं कोण बसणार आहे? तू पाठवलेल्या यादीत सरपंच आहे, मालकाचा भाऊ आहे, मुकादम आहे, तुमचे दोघं आहेत. भट्टीवरचं कुणी नाही.

आता तू म्हणशील, सर, ते युद्ध होतं, इथे तर साधा व्यवहार आहे, थोडं त्यांचं थोडं आपलं. तर ते थोडं-थोडं पण अमेरिकेने सत्तर वर्षं करून बघितलंय. १७८७ ला राज्यघटना करतानाच मिटवामिटवी झाली, राज्यांचे प्रतिनिधी ठरवायला गुलाम मोजायचे ते पाचातले तीन, आणि पळालेला परत द्यायचा. १८२० ला मिसुरी हे नवं राज्य सामील करून घेताना नकाशावर रेघ मारली, रेघेखाली गुलामगिरी, वर नाही. १८५० ला पुन्हा. दरवेळी टाळ्या, की वा, देश वाचला. आणि दरवेळी ज्यांच्याबद्दल चाललं होतं ते शेतात कापूस वेचत होते.

१८५० च्या तडजोडीकडे जरा थांबून बघ. पळालेले गुलाम पकडून द्यायचा कायदा त्यात कडक केला. उत्तरेतल्या साध्या नागरिकालाही बोलावलं तर पकडायला मदत करावी लागणार, लपवलं तर दंड आणि कैद. पकडलेल्याचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला, माणूस मालकाला परत दिला तर १० डॉलर फी आणि सोडला तर ५. म्हणजे बॉस्टनच्या ज्या दुकानदाराचा गुलामगिरीशी काडीचा संबंध नव्हता त्यालाही त्या कायद्याने राखणीला बसवलं. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स नावाच्या एका माणसाला व्हर्जिनियात परत न्यायचं होतं, तर त्याला बंदरापर्यंत न्यायला बॉस्टनच्या रस्त्यांवर दुतर्फा सैनिक उभे करावे लागले आणि लोकांनी खिडक्यांवर काळी कापडं लावली. ही शांततेसाठी केलेल्या तडजोडीची चौथ्या वर्षीची अवस्था. माणसाला बांधून ठेवायचं तर नुसता मालक पुरत नाही, शेजारी लागतो, पोलीस लागतो, गप्प बसणारा पेपरवाला लागतो, आणि कधीतरी त्यातला एखादा नाही म्हणतोच. मग पुढची तडजोड आधीपेक्षा जास्त मागते. तुझ्या मालकाची पहिली अट आठव, अर्ज करायचा नाही. ती कुटुंबांवर घातलेली नाहीये गं, ती तुझ्यावर घातलीय.

आणि कितीही दिलं तरी पुरत नाही याचाही पुरावा आहे. १८६१ च्या मार्चमध्ये, युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर, अमेरिकन काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी एक घटनादुरुस्ती पास केली की राज्यांमधल्या गुलामगिरीला केंद्र सरकार कधीच हात लावणार नाही. कधीच! आणि लिंकनने पहिल्या शपथविधीच्या भाषणात सांगितलं की माझी हरकत नाही. एवढं ताटात वाढून ठेवलं तरी एप्रिलमध्ये फोर्ट समटर या सरकारी किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्याच. कारण दक्षिणेच्या पुढाऱ्यांना आहे तेवढी गुलामगिरी राखून भागणार नव्हतं, तिला पसरायला नवीन जमीन हवी होती. त्यांच्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स त्याच मार्चमध्ये सव्हाना गावात जाहीर बोलला की आमच्या राज्याची कोनशिलाच ही आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. त्याचं नाव लक्षात ठेव, पुढे परत येतोय.

मग कोंडी फोडली कुणी? लिंकनने नाही. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाऊनसेंड असे तिघं जण होडीत बसून व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्यावर आले. मालकाने त्यांना दक्षिणेच्या सैन्याच्या बांधकामावर लावलेलं आणि आता आणखी लांब पाठवणार होता. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा अधिकारी पांढरं निशाण घेऊन हजर, की कायद्याप्रमाणे आमची माणसं परत द्या. तिथला सेनापती बटलर पेशाने वकील, तो म्हणाला, तुम्ही तर वेगळा देश झालात म्हणता, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? शिवाय ही माणसं तुमच्या युद्धाच्या कामाला लावलेली, म्हणजे शत्रूचा माल, तो मी जप्त करतो. युक्तिवाद काही फार उदात्त नाही, माणसाला मालच म्हटलंय, पण दार उघडलं. काही आठवड्यांत तिथे शेकड्यांनी लोक आले आणि पुढे जिथे जिथे उत्तरेचं सैन्य पोचलं तिथे लाखांनी. त्यांच्यातलेच पुढे शिपाई झाले, एकट्या भूदलात पावणेदोन लाखांच्या वर. त्यामुळे लिंकनची १८६४ ची अट त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आलेली नव्हती. १८६२ च्या ऑगस्टमध्ये हाच लिंकन ग्रीलीला लिहीत होता की एकही गुलाम न सोडता संघराज्य वाचत असेल तर तसं करीन. मधल्या दोन वर्षांत त्या होडीवाल्यांसारख्यांनी जमिनीवरची परिस्थितीच बदलली, आणि १८६३ मध्ये तो लिहून बसला होता की ते जीव लावतात ते स्वातंत्र्याच्या वचनावर, आणि वचन दिलं की पाळलं पाहिजे. तेव्हा तुझ्या डोक्यात आपण त्यांची सुटका करतोय असलं काही असेल तर काढून टाक. भट्टीवरून रात्री चालत तुमच्या ऑफिसपर्यंत आली ती बाई, केस तिने उभी केलीय.

आता स्टीफन्स. ३ फेब्रुवारी १८६५, दक्षिण हरत आलेली. हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत, त्याच फोर्ट मन्रोच्या समोर, रिव्हर क्वीन नावाच्या बोटीवर लिंकन आणि त्याचा परराष्ट्रमंत्री सेवर्ड एका बाजूला आणि स्टीफन्स धरून दक्षिणेचे तिघं दुसऱ्या बाजूला. कोनशिलावाला माणूस आता म्हणत होता की आधी युद्ध थांबवू, मिळून मेक्सिकोतल्या फ्रेंचांना हाकलू, मग डोकी थंड झाली की आपापसातलं बघू. लिंकन बधला नाही. त्याच्या तीनच दिवस आधी, ३१ जानेवारीला, गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती खालच्या सभागृहात ११९ विरुद्ध ५६ अशी पास झालेली. दोन तृतीयांश लागत होती, तीन मतं तिकडे गेली असती तर पडली असती. आणि त्याच दुपारी सभागृहात अफवा पसरलेली की दक्षिणेची माणसं शांततेची बोलणी करायला येतायत. मतं फुटायला लागली. शांतता दारात आलीय तर आता हे कशाला, असं. तेव्हा लिंकनने चिठ्ठी पाठवली की माझ्या माहितीप्रमाणे शहरात कुणी शांतीदूत नाहीत आणि येण्याचा संभवही नाही. शब्दशः खरं, कारण ते वॉशिंग्टनला येतच नव्हते, बोटीकडे निघालेले! वकिली आहे, तू असलं करू नकोस, तुला ते निभावणारही नाही. पण नुसत्या शांततेच्या अफवेने चाळीस लाख माणसांची सुटका पडायला आली होती हे लक्षात ठेव.

पुढच्या महिन्यातलं दुसऱ्या शपथविधीचं भाषण लोक मोठ्या प्रेमाने कोट करतात, कुणाबद्दल आकस न ठेवता, सगळ्यांबद्दल दया ठेवून, न्याय्य आणि टिकाऊ शांतता वगैरे. ते शेवटचं वाक्य आहे. त्याच्या आधी काय आहे ते सहसा कुणी वाचत नाही. तिथे तो म्हणतो की अडीचशे वर्षं फुकट राबवून जमवलेली सगळी संपत्ती बुडेपर्यंत आणि चाबकाने काढलेल्या रक्ताच्या प्रत्येक थेंबाची तलवारीने परतफेड होईपर्यंत हे युद्ध चालावं अशी देवाची इच्छा असेल, तरी देवाचा न्याय खराच म्हणावा लागेल. आधी हिशोब, मग दया.

थोडं विषयांतर करतो, जमलं तर वाच नाहीतर सोड. हे युद्ध मुंबईला फार मानवलं होतं. अमेरिकेचा कापूस बंद पडला म्हणून इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला, भाव गगनाला भिडले, वऱ्हाड-खानदेशात पैसा खेळला आणि मुंबईत प्रेमचंद रायचंद या बड्या सटोडियाच्या काळातला तो समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे रेक्लमेशनच्या शेअर्सचा सट्टा. १८६५ ला तिकडे शांतता झाल्याची बातमी आली आणि इकडे बाजार कोसळला, बँका बुडाल्या. आणि तेजीत कर्ज काढून बसलेला आपला शेतकरी पुढे सावकाराच्या वहीत असा अडकला की १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले. उलटं मँचेस्टरचे गिरणी कामगार बघ, कापूस नाही म्हणून उपाशी, तरी १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन त्यांनी लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं. तर शांतता शांतता म्हणणाऱ्या प्रत्येकाचं पोट कुठे अडकलंय ते एकदा बघून घ्यावं, एवढंच.

आता ज्या भागावर मी तुला खरं थांबवणार आहे तो. दुरुस्ती पास झाली, गुलामगिरी कागदावर संपली, म्हणजे झालं का? १२ जानेवारी १८६५ ला, सव्हानालाच, जिथे स्टीफन्सने कोनशिला बसवली त्याच गावात, शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटनने काळ्यांच्या चर्चचे २० पुढारी बोलावले. बोलायला त्यांनी गॅरिसन फ्रेझरला पुढे केलं, ६७ वर्षांचा म्हातारा, ज्याने १८५७ मध्ये पैसे मोजून स्वतःला आणि बायकोला सोडवलेलं. विचारलं, तुम्हाला काय हवंय. तो म्हणाला जमीन, म्हणजे आमच्या कष्टावर आम्ही जगू. सरकारने आधी त्यांनाच विचारलं हे मला त्या सगळ्या इतिहासातलं दुर्मिळ वाटतं. चार दिवसांत शर्मनचा हुकूम निघाला, किनारपट्टीवर कुटुंबाला चाळीस एकरपर्यंत जमीन. हजारो कुटुंबं वसली, पेरण्या झाल्या. मग लिंकनचा खून, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष, त्याला दक्षिणेच्या गोऱ्यांशी लवकर समेट हवा होता, त्याने जमिनी जुन्या मालकांना परत केल्या. ऑक्टोबरमध्ये जनरल हॉवर्डला एडिस्टो बेटावर पाठवलं, हे लोकांना समजावून सांगायला. हॉवर्ड भला माणूस, युद्धात उजवा हात गमावलेला, म्हणाला जुन्या मालकांना माफ करा. तिथे वसलेल्या काळ्या लोकांच्या कमिटीने त्याला लेखी उत्तर दिलं, त्याचा मतलब असा की तुमचा फक्त हात गेला, तुम्ही माफ करू शकाल, पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला-बहिणीला उघडं करून मारलं, आणि आता त्याची रिकामी झोपडी मला तेव्हाच देतो जेव्हा मी त्याचीच लागवड त्यानेच ठरवलेल्या दरात करीन, आणि मला जमीन मिळू नये म्हणून दुसऱ्यांशी संगनमत करतो, कारण माझी जमीन असली तर मी त्याच्या दारात उभा राहणार नाही हे त्याला पक्कं माहीत आहे, त्याला माफ करणं मला जमायचं नाही. हे उत्तर प्रिंट काढून ऑफिसात लाव.

कारण पुढे नेमकं तेच झालं. त्याच नोव्हेंबरात मिसिसिपीने कायदे केले, काळ्या माणसाकडे दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा पाहिजे, करार अर्धवट सोडून गेला तर आधीची मजुरी बुडली वर अटक, कामाविना सापडला तर दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. तेराव्या दुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल अशी फट ठेवलीच होती, तिच्यातून पुढे कैद्यांना भाड्याने देण्याचा धंदा दक्षिणभर उभा राहिला. आणि बाकीच्यांना बटाई आणि दुकानदाराची उधारी, जी कधीच फिटत नाही. ओळखीचं वाटतंय ना? १८६८ ला ग्रँट 'आता शांतता असू द्या' या घोषणेवर अध्यक्ष म्हणून निवडून आला. पाच वर्षांनी, १३ एप्रिल १८७३ ला, लुइझियानात कोलफॅक्स इथे कोर्टाच्या इमारतीचं रक्षण करणाऱ्या कित्येक काळ्या माणसांना गोऱ्यांच्या टोळीने मारून टाकलं, शरण आलेल्यांनाही. आणि त्याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुले आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करत होते, निग्रोंना गुलामीतून सोडवताना त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. जोतीरावांनी ज्यांची पाठ थोपटली ते लोक त्याच वर्षी कंटाळायला लागले होते. १८७७ ला दक्षिणेत उरलेलं केंद्र सरकारचं सैन्य आपापल्या बराकीत गेलं, उत्तर-दक्षिण गोऱ्यांचं गळ्यात गळे घालणं झालं, आणि काळ्यांच्या मताचा हक्क कायद्याने नीट राखायला १९६५ उजाडलं. त्या मधल्या काळाला तिकडची जुनी पुस्तकं समेट म्हणायची. ज्यांना झाडाला लटकावलं त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं नाही.

तर तुझी बैठक. माझं मत सरळ आहे, दोन्ही अटी फेटाळ, आणि हे तू हट्ट म्हणून करत नाहीयेस, १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा तेच सांगतो. त्या कायद्याने बांधील माणूस मोकळा होतो आणि त्याच्या अंगावरचं ते कर्जही संपतं, त्यामुळे पुढच्या सीझनला फेडायचं असं काही उरतच नाही, उलट संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणं हाच गुन्हा. कुणी म्हणेल मालकाचं नुकसान. इंग्रजांनी १८३३ च्या कायद्यात मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली आणि गुलामांना दमडी नाही, तो नमुना आपण कशाला गिरवायचा. कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, तुझ्यावर नाही, तेव्हा तो वही नाचवायला लागला तर गडबडू नकोस. शिवाय १९८२ चा एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं हेही घटनेच्या कलम २३ खालचं सक्तीचं काम. हजार विटांमागे काय देतात, एक जोडी दिवसाला किती पाडते, पोरं किती वाजता उठवतात, एवढा हिशोब मांडलास तरी चित्र उभं राहील. आणि हा दखलपात्र गुन्हा आहे, तंटामुक्तीत बसून मिटवायचा बांधाचा वाद नाही.

अर्ज प्रांताकडे कर आणि मुक्ती प्रमाणपत्र मिळेपर्यंत पिच्छा सोडू नकोस. मालकाने नुसतं जा म्हटलं आणि ती माणसं पाड्यावर गेली तर सरकारच्या लेखी ती कधी बांधलेली नव्हतीच, मग पुनर्वसनाचे पैसे नाहीत, काही नाही, आणि पावसाळ्यात घरातलं तांदूळ संपलं की तोच मुकादम दारात उचल घेऊन उभा. फ्रेझर म्हाताऱ्याची जमिनीची गोष्ट इथे लागू होते. रेशनकार्ड, जातीचा दाखला, रोजगार हमीचं जॉबकार्ड, वनहक्काचा दावा पेंडिंग असेल तर तो, हे कंटाळवाणं काम पुढचं वर्षभर करावं लागेल आणि त्याचे फोटो कुणी फेसबुकवर टाकणार नाही. तुमच्या संस्थेला ते करायचं नसेल तर आत्ताच तोंडावर विचारून घे.

एक मात्र. कुटुंबांना काय हवंय ते तू ठरवू नकोस आणि मीही नाही. मालक, मुकादम कुणी नसताना त्यांच्याशी बोल, बायकांशी वेगळं बोल, कारण उचल नवऱ्याच्या अंगठ्यावर असते आणि राबते अख्खी जोडी. अर्ज केल्यावर मारहाण होईल ही भीती त्यांना असेल तर ती खरी धर, धीर देऊन उडवून लावू नकोस, आधी राहायची जागा ठरव, मगच अर्ज. तुझ्यावरही येईल, की बाहेरची पोरगी येऊन गावाची शांतता बिघडवते. येऊ दे. मालकाशी बोलताना आवाज चढवायची गरज नाही, तोही कुणाचा तरी देणेकरी असेल कदाचित, चहा दिला तर घे.

बैठक गुरुवारी म्हणालीस ना? मग मंगळवारपर्यंत मला अर्जाचा ड्राफ्ट पाठव. सोबत वेगळ्या कागदावर कुटुंबवार माहिती, कुठला पाडा, भट्टीवर कधी आले, उचल किती आणि कुणाच्या हातून, कुठे कुठे अंगठे घेतले, आधारकार्डं कुणाकडे ठेवलीयत, आणि पोरांची वयं. ऑफिसपर्यंत आलेल्या त्या बाईला विचार, गुरुवारी ती येते का. येणार असली तर तिच्या येण्याजाण्याची सोय तू स्वतः कर, आणि तिला खुर्ची मिळाल्याशिवाय तूही बसू नकोस.

— सर